निपाण्यांची कूलरची खिडकी

मी आयुष्यात एकही बंगला बांधला नाही. हे सांगितलं की लोक आधी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघतात. माझी सगळी कामं नागपूरच्या जुन्या वस्त्यांत झाली, ज्या गल्ल्यांत चारचाकी शिरत नाही आणि शिरलीच तर वळत नाही अशा गल्ल्यांत. तिथे दोन नांदत्या घरांच्या मध्ये एखादी जागा रिकामी पडलेली असते. गोदाम पडून गेलेलं असतं, गिरणी बंद झालेली असते, भावाभावांचं भांडण एकदाचं मिटलेलं असतं. त्या जागेत बेताच्या मिळकतीच्या माणसांना परवडतील अशी लहान घरं बसवायची, हा माझा धंदा. बांधायची म्हणत नाही, बसवायची म्हणते. पंगत बसली आहे, पानं वाढून झाली आहेत, आणि उशिरा आलेल्या चार माणसांना मध्येच जागा करून द्यायची आहे, असं ते काम. दोन्ही बाजूंच्यांना पान सरकवावं लागतं, आणि वाढलेलं पान सरकवायला कुणालाच आवडत नाही.

अशा कामात नकाशा काढण्यापेक्षा ऐकून घेण्यात जास्त दिवस जातात. एका गल्लीत शेजारच्या काकूंनी मला गच्चीवर नेऊन त्यांची कुरडया वाळवायची जागा दाखवली. "तुमची बिल्डिंग झाल्यावर इथं ऊन किती वाजेपर्यंत राहते ते लिहून द्या," म्हणाल्या. मी दिलं लिहून. दुसऱ्या ठिकाणी एक गृहस्थ कमरेएवढा लाकडी बैल हातगाडीवर घालून साइटवर घेऊन आले. तान्ह्या पोळ्याला त्यांच्या घरची मुलं तो मिरवतात. "मानसं वाकून जातील मॅडम, बैल कसा वाकनार?" असा त्यांचा प्रश्न होता. त्या इमारतीच्या जिन्याचं वळण बैलाच्या शिंगांवरून ठरलं आहे, हे आज तिथे राहणाऱ्या कुणालाही माहीत नसेल.

माझा नवरा अनंत स्ट्रक्चरल इंजिनिअर होता. आमची वाटणी सरळ होती. जमिनीखालची काळजी त्याची, जमिनीवरची माझी. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घरांचे पाया उथळ असतात. अशा घराच्या अंगाला लागून खणायचं म्हणजे त्याच्या पायाखालची माती मोकळी करायची. खणण्याचे दिवस आले की अनंत स्वतः काठावर उभा राहायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मला म्हणायचा, "झोप आता, भिंत उभी आहे." दोन वर्षं अंथरुणावर काढून तो ऐन उन्हाळ्यात गेला. त्यानंतर मी घेतलेलं पहिलं काम म्हणजे निपाणे नावाच्या कुटुंबाच्या घराशेजारची जागा. पायाचं काम एका तरुण इंजिनिअरने करून दिलं. हुशार मुलगा आहे. पण 'झोप आता' म्हणायला घरात कोणी नव्हतं, आणि मला झोप येत नव्हती.

काम घेऊन आल्या रेखाताई मेश्राम. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवतात आणि आठ कुटुंबांच्या एका छोट्या सोसायटीच्या अध्यक्ष आहेत. आठही कुटुंबं महाल या जुन्या वस्तीच्या मागच्या अंगाला एकाच गल्लीत भाड्याच्या एकेका खोलीत राहत होती. त्याच गल्लीत बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची जागा त्यांनी मिळून घेतली होती. शहराबाहेर, मौद्याच्या रस्त्याला, स्वस्तातले फ्लॅट मिळत होते. मी तसं विचारलं तर रेखाताई म्हणाल्या, "तिकडं घर भेटते मॅडम. पन शाळा, दवाखाना, काम, सगळं इथं. मंग दिवसभर काय नुसतं बसमध्येच राहाचं?"

जागा अरुंद आणि खोल. पुढे गल्ली, मागे सफाई गल्ली, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पूर्वेची भिंत कोरी होती. पश्चिमेची निपाण्यांची. मी जानेवारीत मोजमापाला गेले तेव्हा त्या भिंतीत छातीएवढ्या उंचीवर एक चौकोन दिसला, त्यावर पत्रा ठोकलेला. नागपुरातल्या माणसाला असा चौकोन ओळखायला वेळ लागत नाही. थंडीत कूलर गच्चीवर जातो आणि त्याच्या खिडकीवर पत्रा लागतो. होळी झाली की पत्रा निघतो, कूलरचं गवत बदललं जातं, आणि पावसापर्यंत ते घर त्या एका चौकोनातून श्वास घेतं.

माझ्या नकाशात तिथे भिंत येत होती. तिला चिकटून.

भाऊराव निपाणे ओट्यावरच बसले होते. आयुष्यभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिलेले गृहस्थ. बोलताना अजूनही दोन्ही तळवे समोर टेकवल्यासारखे धरतात. मी विचारलं, "ही कूलरची खिडकी ना?"

"बंद आहे ते. बंदच राहते. तुमी बांधा ना बाई, कायले काळजी करता?"

"आणि कूलर?"

"समोरच्या खोलीत."

पत्र्याच्या खाली भिंतीवर पांढरा ओघळ होता. इथल्या बोरच्या पाण्याचा क्षार असाच उतरतो. ओघळ जुना होता, आणि त्याच्यावर एक नवाही होता. मी बोट ठेवलं. "आणि हे?"

"पावसाचं आहे."

"पाऊस इतका खारा?"

त्यांनी तळवे उचलले आणि मांडीवर ठेवले. "चहा घ्याल?" म्हणाले.

चहा घ्यायला मी आत गेले आणि ती खोली पाहिली. खिडकीच्या समोर लोखंडी पलंग, त्यावर सिंधूबाई. तीन वर्षांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. खोलीला दुसरी खिडकी नव्हती. समोरच्या खोलीत कूलरची जागाही नव्हती, तिथे कपाट होतं. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला उन्हाळा पाठीखालून लागतो. गादी तापते, पाठ घामेजते, मग कातडी सोलते. हे मी दोन उन्हाळे घरी बघितलं होतं. चहा मला संपवता आला नाही.

माणसं स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलतात तेव्हा काय करायचं ते आमच्या धंद्यात शिकायला मिळतं. हद्दीचा दगड सरकवणारे, नाली आपलीच म्हणणारे, सगळे भेटतात. हा माणूस स्वतःच्या बायकोच्या विरुद्ध खोटं बोलत होता आणि मला कारण कळत नव्हतं. कागदावर माझे हात मोकळे होते. शेजारी खिडकी नाही म्हणतो, नकाशात खिडकी नाही, घरं आठ होतात. तरी मी घरी जाऊन ती भिंत पेन्सिलीने काढायचे आणि खोडायचे.

शेवटी रेखाताईंना गाठलं. त्या शाळेच्या मागे भलं मोठं पातेलं घासत होत्या.

"तुमाले नाई समजलं?" त्या म्हणाल्या. "खिडकी आहे म्हटलं तर तुमी जागा सोडान. जागा सोडली तर एक घर कमी. कमी झालं तर सगळ्यात मागून जे आली तिचंच जाईन ना."

"कोण आली मागून?"

"छाया."

छाया रामटेके. निपाण्यांच्या घरी मी तिला पाहिलं होतं, पण घरातलीच कुणी असेल असं समजले होते. सिंधूबाईंना कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं तीच करते, गल्लीतल्या आणखी दोन म्हाताऱ्यांचंही बघते. तिची भाड्याची खोली घरमालकाने रिकामी करायला सांगितली होती. सोसायटीत घर मिळालं नाही तर ती खापा गावी भावाकडे जाणार होती.

"मंग भाऊकाका काय करतीन?" रेखाताईंनी पातेलं पालथं घातलं. "बाईले कोन पाहीन? त्यायनं ठरवलं, कूलर गेला तर जाऊ दे, छाया पाहिजे."

म्हणजे छाया राहिली तर हवा जाणार होती, आणि हवा राखली तर छाया जाणार होती. दोन्हींतलं काहीही गेलं तरी त्या पलंगावर काय होणार ते मला दिसत होतं.

मी सोसायटीकडून थोडी मुदत मागून घेतली. इथे बाहेरच्या वाचकांसाठी कूलरबद्दल सांगायला हवं. कूलर स्वतः काही करत नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढून घेतो आणि खोलीत सोडतो. म्हणून त्याची पाठ उघड्यावर असावी लागते. पाठीमागची हवा कोंडली की खोली गार न होता नुसती चिकचिकीत होते. तेव्हा निपाण्यांच्या भिंतीशी जमिनीपासून आभाळापर्यंत मोकळी विहीर सोडायला हवी होती. ती सोडली तर तीन मजल्यांवरचा एकेक कोपरा जात होता आणि आठाची सात घरं होत होती.

पहिल्यांदा मी विहीर लहान केली आणि स्वयंपाकघरं तिच्यावर उघडली, म्हणजे जागा वाया जाणार नाही. दोन दिवस खूश होते. मग लक्षात आलं की कूलर बाहेर जे असेल ते ओढतो. रेखाताईंकडे ठेचा कुटला की सिंधूबाई खोकणार. तो नकाशा फाडला. मग जिना. तो इमारतीच्या मधोमध होता, तोच उचलून पश्चिमेला निपाण्यांच्या भिंतीशी नेला. जिन्याला भिंती लागत नाहीत, जाळी पुरते. खालून गल्लीपर्यंत बोळ, वर मोकळं, मध्ये पायऱ्या. जिन्यात तवा चढत नाही, मिरची तडतडत नाही. आठ घरं पुन्हा बसली.

एक सोडून. जिन्याच्या जुन्या जागी मधोमध आलेल्या घरांपैकी वरच्या मजल्यावरच्या घराला छतातून उजेड घेता आला. पहिल्या मजल्यावरच्या मधल्या घराला मात्र गल्ली मिळेना, मागची बाजू मिळेना, छतही मिळेना. त्याची एकच मोठी खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. हवा येणार होती. ऊन कधीच येणार नव्हतं. मी पुष्कळ फिरवून पाहिलं. त्या घराकडे बघून अनंत काय म्हणाला असता याचा विचार करत बसायचे आणि मला काहीच ऐकू यायचं नाही.

सभा बुद्धविहाराच्या हॉलमध्ये झाली. ऑटो चालवणारा प्रल्हाद पहिल्यांदा उठला. "म्हंजे एका कूलरसाठी आमी आपला जिना हलवाचा? उद्या कोनी म्हनंल माह्या फ्रिजले ऊन लागते, मंग का घर फिरवाचं?"

"तुह्या ऑटोसाठी बोळ रुंद केला, तवा नाई बोलला गा तू काही," रेखाताई म्हणाल्या.

लोक हसले. प्रल्हादही हसला. पण मी त्या मधल्या घराचं सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्याला ते घर येतं का ते मोजत होता, आणि त्यात वाईट काही नव्हतं. मी सुचवलं की आधी ठरलेली घरं विसरावीत आणि पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्यात.

मागच्या रांगेतून छाया बोलली. "चिठ्ठ्या कायले? ते घर मी घेते. मी दिवसभर घरी राहतेच कुठं?"

"तुझी मुलगी अभ्यास करते ना?" मी विचारलं.

"लाइट लावून करन," ती म्हणाली. आणि सगळ्यांनी इतक्या पटकन मान हलवली की मला नकाशाची गुंडाळी करता येईना.

निपाण्यांना सांगायला मीच गेले. "तुमची खिडकी मी नकाशात घेतली आहे."

"खिडकी नाई म्हटलं ना बाई तुमाले."

"मग जी नाही ती घेतली आहे. आणि छायाचं घरही कायम आहे."

 ते आत वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का वं? छाया इथंच राहनार आहे." आतून उत्तर येणार नव्हतंच. तरी ते थोडं थांबले, उत्तर आल्यासारखे.

दिवाळीनंतर खणायला सुरुवात केली. निपाण्यांच्या भिंतीलगत एकदम न खणता टप्प्याटप्प्याने खणलं, एक तुकडा भरून घट्ट झाल्यावर शेजारचा. तरी भिंतीत केसाएवढी भेग गेली. अशा भेगेवर आम्ही काचेची पट्टी चिकटवतो. भिंत हलली तर काच तडकते. मी रोज सकाळी चहाच्या आधी ती काच बघायला जायचे.  काच शाबूत दिसली की सिंधूबाईंच्या पलंगाशी दोन मिनिटं बसायचे.  माझ्या तेव्हाच्या दिवसांत एवढीच सोबत होती आणि ती मला पुरे होती.

एकदा भाऊराव म्हणाले, "तुमी भिंत पाहाले येता का सिंधूले?" मी म्हटलं, भिंत. ते म्हणाले, "मंग भिंत बरी आहे. बसा."

काच शेवटपर्यंत तडकली नाही. दगा दुसरीकडून झाला. एप्रिलच्या सुरुवातीला इमारत उभी झाली, जिन्याला जाळी लागली, आणि मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले तर जिना अंधारा. वर बघितलं. जिन्याच्या विहिरीच्या तोंडावर मी नकाशात पावसासाठी पत्रे दाखवले होते ते भिंतीपासून हातभर उंच, चारही बाजूंनी फट ठेवून. बसवले होते ते भिंतीला टेकवून, डबीला झाकण लावावं तसे.

खाली बोळात मी उदबत्ती पेटवून धरली. धूर सरळ वर जायला हवा होता. तो दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला, थांबला, आणि तिथेच पसरत राहिला. निपाण्यांच्या खिडकीवरचा पत्रा तेव्हा निघालेला होता, कूलर त्याच्या लोखंडी घोड्यावर चढलेला होता.  

प्रल्हाद वरून उतरत आला. "मॅडम, पूजा का?"

"पत्रे खाली कुणी घेतले?"

"मीनंच सांगतलं ठेकेदाराले. फट ठेवली तर पावसात जिना वला होईन. पोरं घसरतीन. पाऊस का तुमाले इचारून येनार आहे?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याला लहान मुलगा आहे. मी उदबत्ती त्याच्या हातात दिली. त्याने धूर पाहिला. मग निपाण्यांच्या खिडकीकडे पाहिलं. "अन् हे असंच राहिलं तर?"

"तर कूलर जिन्यातला वाफारा ओढेल. सिंधूबाईंच्या अंगावर."

"बाप्पा," तो म्हणाला. उदबत्ती विझेपर्यंत तो ती हातात धरून उभा होता. संध्याकाळपर्यंत पत्रे उंच करायला त्याच्याच ओळखीचा माणूस आला. पावसासाठी मी पत्र्यांना चहूबाजूंनी बाहेर आलेली वळचण काढून दिली. पावसाची झड आत येईल, थोडी येईलच, हे मी त्याला सांगितलं. पायऱ्या खरखरीत फरशीच्या करून घेतल्या.

तरीही मला खात्री नव्हती. उदबत्तीचा धूर म्हणजे काही मे महिना नव्हे. नागपूरचा खरा उन्हाळा नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, कळतो, जेव्हा दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही आणि नळाचं पाणी हाताला चटका देतं. नवतपा लागण्याची मी परीक्षेच्या निकालासारखी वाट बघत होते आणि तो लांबावा असंही वाटत होतं. तो लागल्यावर एक दिवस दुपारी दुपट्टा डोक्याला गुंडाळून निघाले.

आधी जिन्याने वर गेले, छायाकडे. आत ट्यूबलाइट चालू होता. तिची मुलगी त्याखाली बसून वहीत काही लिहीत होती, बाहेर टळटळीत ऊन होतं आणि ती दिव्याखाली. भिंतीला पांढरा रंग दिला होता, खिडकीच्या चौकटीलाही. छायाने माझ्यासाठी माठातलं पाणी आणलं. "घर थंड आहे मॅडम," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि ती मला बरं वाटावं म्हणूनही सांगत होती. मी दिव्याकडे बघितलेलं तिने पाहिलं होतं. पुढे माझ्या हातून आणखी घरं झाली, पण अंधाऱ्या खोलीत दिवा लागलेला दिसला की मला आजही हीच खोली आठवते, आणि दुसरं काही करता आलं असतं का हे मी अजून कागदावर अधूनमधून काढून बघते. अजून जमलेलं नाही.

मग ती माझ्याबरोबर खाली आली. सिंधूबाईंना कुशीवर करायची वेळ झाली होती.

निपाण्यांच्या खोलीत कूलर सुरू होता. त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. मी दारातच थांबले. हवा अंगावर येत होती, पण मी उन्हातून आले होते आणि उन्हातून आलेल्या माणसाला कुठलीही सावली गारच लागते, म्हणून मला स्वतःवर भरवसा ठेवता येईना. मी पलंगाशी गेले आणि गादीवर हात ठेवला, मग सिंधूबाईंच्या पाठीखाली सरकवला. छायाने त्यांना वळवलं. पाठ कोरडी होती.

भाऊराव पायथ्याशी बसून पेपरने स्वतःला वारा घालत होते, नुसत्या सवयीने. सिंधूबाईंचा डावा हात हलला. तो चादरीच्या काठापाशी गेला, काठ सापडेना, पुन्हा चाचपला, सापडला. त्यांनी चादर हळूहळू वर ओढायला सुरुवात केली, आधी छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत.

"काहून ओढून राहिली वं चादर?" भाऊराव वाकून म्हणाले. "मे महिना आहे."

त्यांनी हात धरून चादर खाली केली. सिंधूबाईंनी पुन्हा ओढली, या वेळी गळ्यापर्यंत, आणि भाऊरावांकडे रागाने बघितलं.

छाया हसली. "काका, त्यायले थंडी वाजून राहिली," ती म्हणाली, आणि उठून तिने कूलरचा खटका एकावर आणला.